अनुपमाच्या वहीतले रंग

१

"सर, मंगळवारी मला धरून नेणार आहेत," सुगंधा दारातूनच म्हणाली. "आणि मी काही केलेलं नाही हो."

रविवार होता. सकाळचे नऊ वाजले असतील. मी पेपर वाचत होतो आणि मला पेपर वाचताना कोणी बोललेलं खपत नाही. माझा स्वभाव तिरसट आहे, आधीच सांगून टाकतो. सत्तावीस वर्षं कॉलेजात जीवरसायन शिकवलं, निवृत्त झाल्यावर घाटकोपरला भटवाडीतल्या आमच्या चाळीत तळमजल्यावर रक्त-लघवी तपासायची लहानशी लॅब टाकली. लोक मला सर म्हणतात आणि शक्यतो माझ्या वाटेला जात नाहीत.

पण सुगंधाला आत घ्यावंच लागलं. ती घरोघर जाऊन इंजेक्शनं द्यायची. मिलच्या संपानंतर नवरा खचला आणि गेला, तेव्हा एका नर्सबाईच्या हाताखाली शिकून तिनं हे काम धरलं. रोज सकाळी अकरा घरं. त्यातलं पहिलं घर दुसऱ्या मजल्यावरच्या रुक्मिणीबाईंचं, त्यांच्या अनुपमासाठी.

अनुपमा परवा, शुक्रवारी गेली. वय चोवीस. बाराव्या वर्षापासून मधुमेह, रोज इन्सुलिनची सुई. बालवाडीत शिकवायची. गुरुवारी सकाळी शुद्ध हरपली, नंदूनं, तिच्या भावानं, टॅक्सीत घालून इस्पितळात नेली आणि दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, अंगात इन्सुलिन पोचलेलंच दिसत नाही. नंदूनं तिथून थेट पोलीस ठाणं गाठलं.

"तो म्हणतो, मी औषध काढून घेतलं आणि बाटलीत पाणी भरलं," सुगंधा म्हणाली. "काल फौजदार आले. माझी पिशवी उपडी केली."

"मग? करू दे की."

"पिशवीत इन्सुलिनची अर्धी बाटली निघाली, सर."

मी पेपर खाली ठेवला.

२

"ती रतन मास्तरांची आहे," ती घाईघाईनं म्हणाली. "म्हातारे एकटे राहतात, त्यांना दिसत नाही धड. बाटली फुटेल म्हणून माझ्याकडे ठेवायला देतात. तुम्ही विचारा त्यांना."

मी विचारलं. खोटं कशाला बोलू, तिच्यावर विश्वास होता म्हणून नव्हे. पायात चपला घातल्या, मास्तरांच्या खोलीवर गेलो आणि खडसावूनच विचारलं. मास्तरांनी औषधाच्या दुकानाची पावती काढून दाखवली. पोलिसांनी सुगंधाला दिलेल्या जप्तीच्या कागदावर बाटलीचा नंबर होता, तो पावतीशी जुळला. ही बाटली अनुपमाची नव्हती, एवढं नक्की झालं.

पण तेवढ्यानं काय होणार? चाळीत तोवर बभ्रा झाला होता. अकरा घरांतल्या सात घरांनी सुगंधाला त्या सकाळी दारातूनच परत पाठवलं होतं. पोलिसांनी एकदा आत घेतलं, मग सुटली काय नि न सुटली काय, सुईचा संशय असलेल्या बाईला कोण दारात उभी करणार? ती पोटापुरतं कमावत होती ती वाटच बंद होणार होती.

दुपारी फौजदार पाचर्णे स्वतः लॅबवर आले. जाडजूड, थकलेला माणूस. टेबलावर त्यांनी दोन वस्तू ठेवल्या. अनुपमाची वापरातली इन्सुलिनची बाटली आणि तिची शंभर पानी वही.

"सरकारी रिपोर्टला चार-सहा महिने जातात," ते म्हणाले. "तोपर्यंत मी काय करू? पोरीचा भाऊ रोज येऊन बसतोय. तुम्ही शिकलेले आहात, बाटलीत पाणी आहे का तेवढं सांगा. पाणी असलं तर मंगळवारी बाईला घेतो."

"आणि नसलं तर?"

"नसलं तर मग तुम्हीच सांगा, पोरगी मेली कशानं."

ते गेल्यावर मी वही उघडली. अनुपमा रोज सकाळी घरीच लघवी तपासायची. परीक्षानळीत निळं पाणी घ्यायचं, आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, विटकरी झालं तर कठीण आहे. शिकवलं मीच होतं. तिनं तारखेपुढे नुसतं लिहून न थांबता रंगीत पेन्सिलीनं एकेक चौकोन भरला होता. बालवाडीची बाई ना ती.

जानेवारीचा महिनाभर निळे-हिरवे चौकोन. फेब्रुवारीची एक, दोन, तीन तारीख, हिरवा. चार तारखेला पिवळा. पाच तारखेला विटकरी. आणि मग बारापर्यंत सगळे विटकरी, सगळे. शेवटच्या दोन चौकोनांत पेन्सिल रेषेबाहेर गेली होती.

अकरा तारखेच्या चौकोनाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मी गोड खाल्लेलं नाही. सरांना सांगितलं. ते हसले."

३

हो, हसलो होतो. लपवून काय करू?

त्या मंगळवारी ती मला जिन्यात भेटली. कठड्याला धरून उभी होती, धाप लागलेली. म्हणाली, "सर, चाचणी चुकत असेल का हो? डॉक्टरांनी डोस वाढवला तरी विटकरीच येतंय. आई माझा डबा तपासते, दादा म्हणतो चोरून खातेस." मी म्हणालो, "चाचणी खोटं बोलत नाही, अनू. माणसं बोलतात." तिच्या तोंडाला पिकल्या केळ्यासारखा वास येत होता. मला वाटलं, बघा, केळं खाऊन आलीय आणि मला विचारते!

तो वास केळ्याचा नव्हता. इन्सुलिन मिळालं नाही की शरीराला साखर जाळता येत नाही, मग ते चरबी जाळत सुटतं आणि त्यातून अ‍ॅसिटोन तयार होतं. श्वासाला फळासारखा गोडसर वास येतो. सत्तावीस वर्षं मी हे फळ्यावर लिहीत आलो. परीक्षेत विचारत आलो. आणि ज्या दिवशी ते माझ्या नाकासमोर उभं राहिलं त्या दिवशी मी हसलो. त्याच क्षणी तिला इस्पितळात नेली असती तर ती वाचली असती. हे मला अजून झोपू देत नाही.

असो. रडत बसलो असतो तर सुगंधा आत गेली असती. मी बाटली उजेडात धरली.

हे इन्सुलिन मुळात दुधी असतं. बाटली हलवली की दूध एकसारखं व्हायला हवं. हे होत नव्हतं. आत बारीक कण तरंगत होते, काही काचेला चिकटून बसले होते. मी चार थेंब काढले, त्यात कॉस्टिक सोडा घातला, मग मोरचुदाचं पाणी. बाटलीत नुसतं पाणी असेल तर रंग निळाच राहणार. प्रथिन असेल तर जांभळट होणार. इन्सुलिन हे प्रथिनच.

नळी जांभळी झाली.

४

पाणी नव्हतं! सुगंधानं काही काढलेलं नव्हतं की भरलेलं नव्हतं. पण मग अंगात इन्सुलिन का पोचलं नाही? ते बाटलीत होतं, सुईत होतं, अनुपमाच्या दंडात होतं. तरी तिच्या कामी आलं नाही.

मी वर गेलो. रुक्मिणीबाईंच्या शेजारी कुंदावहिनी राहतात. नवरा बँकेत, मजल्यावरचा एकुलता एक फ्रीज त्यांचा. अनुपमाच्या बाटल्या तिथेच असायच्या.

"माझ्यावर नका हं घसरू," त्यांनी आल्याआल्याच बजावलं. "फ्रीज चोवीस तास चालू असतो. आमच्या ह्यांनी बिलावरून कटकट केली तरी मी त्या मुलीसाठी कधी बंद केला नाही."

"बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती का बाटली?"

"वेडी आहे का मी? दाराच्या कप्प्यात, लोण्याशेजारी. नंदूनं आठ तारखेला दोन नव्या आणल्या. एक वापरायला काढली, दुसरी अजून तशीच आहे बघा."

मी ती दुसरी बाटली बघितली. त्याच दुकानातली, त्याच बॅचची. हलवली तर छान एकसारखं दूध झालं. लेबल कसं घट्ट, कोरं करकरीत. म्हणजे दुकानाचा दोष नाही आणि फ्रीजचाही नाही.

"सकाळी बाटली न्यायला कोण यायचं?"

"रुक्मिणीबाईच. सहाला न्यायच्या, सुई झाली की आणून ठेवायच्या. बिचारी बाई! इतकं जपायच्या ना त्या बाटलीला. मुठीत घट्ट धरून आणायच्या, हाताला कोमट लागायची."

मी नुसतं हूं केलं. बायकांचं बोलणं कानाआड करायची माझी जुनी खोड.

नंदू गॅलरीत डोकं धरून बसला होता. पवईला एका कंपनीत शिपाई आहे तो. मला बघून एकदम उसळला. "तुम्ही त्या बाईची बाजू घेताय ना? घ्या! माझी बहीण गेली यार, सर! मी तिला चोर म्हटलं. तिच्या पर्समध्ये बिस्किटं शोधली मी." एवढं बोलून तो ढसाढसा रडायला लागला. त्याचं लग्न ठरत होतं आणि एकाच खोलीत सगळे कसे राहणार यावरून घरात धुसफूस होती, हे मला ठाऊक होतं. त्याच्यावर माझा संशय होता, नाही म्हणत नाही. पण बाटल्या आणण्यापलीकडे त्याचा त्या औषधाशी संबंधच नव्हता. रंग बिघडले ते चार तारखेला. त्यानं नव्या बाटल्या आणल्या त्या आठला, त्याही औषध बिघडलंय का या शंकेनं. जुनी बाटलीही निकामी, नवीही निकामी आणि फ्रीजमधली न वापरलेली मात्र ठणठणीत!

खाली आलो. सुगंधा पायरीवर बसून होती. मी तिला सकाळचा सगळा क्रम सांगायला लावला.

"सातला जायचे. सगळं तयार असायचं, सर. रुक्मिणीमावशी सुई-पिचकारी पातेल्यात उकळून झाकून ठेवायच्या. बाटली पुसून वाटीत. मी हात धुवायचे, बाटली हलवायची, औषध ओढायचं, टोचायचं."

"बाटली कशी असायची?"

"कशी म्हणजे? ओलसर. फ्रीजमधली बाटली ओलीच असते ना."

"लेबल?"

"एकदा लेबल माझ्या बोटालाच चिकटून आलं. दुसऱ्या दिवशी मावशींनी नीट चिकटवून ठेवलं होतं."

मी लॅबमध्ये जाऊन वापरातली बाटली परत हातात घेतली. लेबलाची कड नखानं उचलली. खाली वाळलेल्या भाताचं शीत होतं. फ्रीजमधल्या दमटपणानं लेबल इतकं सुटत नाही. ते सुटतं पाण्यात बुडून राहिल्यावर. मला कुंदावहिनींचा शब्द आठवला. कोमट.

५

सोमवारी सकाळी मी रुक्मिणीबाईंकडे गेलो. भिंतीला टेकून त्या जमिनीवर बसल्या होत्या. मूळच्या कणकवलीकडच्या. नवरा मिलमध्ये होता, तो वारला तेव्हापासून गळ्यात माळ. मासळी सोडली, कांदासुद्धा सोडला. रागावलेल्या मी कधी बघितल्या नाहीत.

"येवा, सर," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसलो. मग म्हणालो, "सुई तुम्हीच उकळायचात ना?"

"मीच. बारा वर्षां. आधी दहा मिनटां उकळी होतंय. मगे तुम्ही त्या दिवशी सांगितल्यात, वीस मिनटां उकळा, उकळत्या पाण्यात कसलीच घाण रवणा नाय. तेव्हापासून वीस."

त्या दिवशी म्हणजे कधी, हे विचारायची गरजच नव्हती. दोन फेब्रुवारीच्या रविवारी महिला मंडळात माझं व्याख्यान झालं होतं, शरीर कशाचं बनलंय यावर. झकास रंगलं होतं. बटाट्यावर आयोडीन टाकून निळा करून दाखवला, दुधात लिंबू पिळून प्रथिनं वेगळी करून दाखवली. सुई कशी उकळायची तेही सांगितलं. शेवटी कोणीतरी विचारलं, इन्सुलिन कशाचं करतात हो सर? मला असले प्रश्न फार आवडतात. मी रंगवून सांगितलं. गुरांच्या पोटातलं स्वादुपिंड घेतात, गाईचं, डुकराचं. देवनारच्या कत्तलखान्यात जातात ना गाड्या भरून, तसल्या जागी जे कापून काढतात त्यातून हे औषध येतं, आणि तुमच्या-आमच्या घरात टोचलं जातं! बायकांनी पदर नाकाला लावले. मला मजा वाटली. रुक्मिणीबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी काहीच विचारलं नाही.

दोनला व्याख्यान. तीनपासून पुढचं सगळं. चारला वहीत पिवळा.

चुलीच्या फळीवर ते पातेलं पालथं होतं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो आणि ते उलटं केलं. तळाला कागदाचा एक कपटा चिकटून वाळला होता. नखाएवढा. त्यावर लाल छपाईत आकडा होता, चाळीस. चाळीस युनिट, इन्सुलिनच्या लेबलावर असतो तोच.

रुक्मिणीबाई सुईबरोबर औषधाची बाटलीही उकळत होत्या.

६

त्या बाईनं काय केलं होतं ते मला लख्ख दिसलं. औषध बंद करता येत नव्हतं, केलं तर पोर जाईल हे तिला माहीत होतं. पण गाईच्या अंगातलं, खाटकाकडचं ते पाणी पोरीच्या अंगात घालायला हात धजेना. मग तिनं वाट काढली. उकळून शुद्ध करायचं. सुई शुद्ध होते तर औषध का होणार नाही? वीस मिनिटं उकळायचं, गार पाण्यात थंड करायचं, पुसून वाटीत ठेवायचं. कोणाला सांगायचं नाही. पोरीला तर नाहीच, उगीच तिला किळस यायची.

आणि प्रथिन उकळलं की संपलं. त्याची साखळी ठरावीक घड्या घालून बसलेली असते, त्या घड्यांवर त्याचं काम चालतं. उष्णतेनं घड्या उलगडतात, गुंता होतो. अंडं उकडल्यावर त्याचं जे होतं तेच. माल सगळा जागेवर असतो, म्हणून तर माझी नळी जांभळी झाली. पण त्यातून पिल्लू निघायचं नाही.

हे सगळं मी तिला सांगू? छे! माझ्यात ती हिंमत नव्हती. मी खाली आलो आणि रिपोर्ट लिहिला. बाटलीत प्रथिन पूर्ण प्रमाणात आहे, पाण्याची भेसळ नाही, उष्णतेमुळे औषध निकामी झालेलं आहे. एकही शब्द खोटा नव्हता. उष्णता कुठली ते लिहिलं नाही. वाटलं, सुगंधा सुटेल आणि म्हातारीही सुटेल. मी स्वतःच्या हुशारीवर खूश झालो म्हणा ना.

मंगळवारी दहाला पाचर्णे आले. रिपोर्ट वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"फेब्रुवारीत उन्हानं तापणार होती का बाटली? म्हणजे त्या बाईनं सुईबरोबर बाटलीही उकळत्या पाण्यात टाकली. चोरी नाही, पण निष्काळजीपणानं जीव घेतला. उलट सोपं झालं माझं काम. चला, वर जाऊ. भावासमोर सांगतो आणि बाईला घेऊन जातो."

माझ्या रिपोर्टनंच सुगंधाचा गळा आवळला होता.

७

रुक्मिणीबाईंच्या खोलीत नंदू होता, कुंदावहिनी दारात होत्या, सुगंधाला पोलीस शिपायानं आणून कोपऱ्यात उभी केली होती. तिच्या तोंडावर रंग नव्हता. पाचर्ण्यांनी रिपोर्ट वाचून दाखवला. "उष्णतेमुळे निकामी" इथं पोचले आणि नंदू सुगंधाकडे धावला. शिपायानं त्याला धरलं.

"थांबा," मी म्हणालो. "तिनं उकळली नाही. तिनं फक्त टोचली."

"मग कोणी उकळली?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रुक्मिणीबाई तेवढ्या बघत नव्हत्या, त्या जमिनीकडे बघत होत्या. मला वाटलं, आता एकच गोष्ट करता येईल. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटी साक्ष द्यायचं ठरवलं.

"माझ्या सांगण्यावरून झालं," मी म्हणालो. "मंडळात मी बायकांना सांगितलं की सुईबरोबर औषधाची बाटलीही उकळा. चूक माझी. मला जीवरसायनातलं ओ की ठो कळत नाही, असं लिहा आणि खाली माझं नाव घाला. घरातल्या माणसांनी माझं ऐकलं, एवढाच त्यांचा दोष."

पाचर्णे लिहायला लागले. कुंदावहिनींनी कपाळावर हात मारला. त्याही व्याख्यानाला होत्या, पण गप्प राहिल्या. मला हायसं वाटलं. नाव गेलं तर गेलं. त्या नावाचं करायचं होतं काय? जिन्यात हसलेला माणूस मी.

"नाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

आवाज अगदी हळू होता. पाचर्ण्यांचं पेन थांबलं.

"सरांनी तसा सांगूक नाय. त्येंनी सुई उकळूक सांगितल्यानी. बाटली मी उकळलंय. माझ्या मनान्. ह्या सुगंधाक काय म्हायत नाय, अनूक पण म्हायत नाय. गाय ती. माझ्या चेडवाच्या आंगात तसाच कसा घालू? म्हणान शुद्ध करून घातलंय."

नंदूच्या तोंडून नुसता "आये" एवढाच शब्द आला आणि तो खाली बसला. शिपायानं सुगंधाचा दंड सोडला.

मग रुक्मिणीबाईंनी माझ्याकडे मान वर केली. शिकण्यासाठी विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"सर, मी रोज गार पाण्यात थंड करून देय होतंय. थंड केल्यार ता परत पयल्यासारख्या होणा नाय?"

हा प्रश्न मी दर वर्षी तोंडी परीक्षेत विचारायचो. निम्मी पोरं चुकायची आणि मी त्यांची खिल्ली उडवायचो. त्या सकाळी मला वाटलं, हो म्हणावं. म्हणावं की होतं, बाई, पयल्यासारखं होतं, पोर दुसऱ्याच कशानं गेली. तिनं मान डोलावली असती आणि मरेपर्यंत तिला ते पुरलं असतं. पण आत्ताच एक खोटं बोलून झालं होतं आणि तिनंच ते खोडून काढलं होतं.

"नाही होत," मी म्हणालो.

"कधीच नाय?"

"कधीच नाही."

त्यांनी मान डोलावली. मग भिंतीला हात लावून उठल्या, सुगंधापाशी गेल्या आणि तिच्या चुरगळलेल्या साडीचा पदर खांद्यावर नीट करून दिला.

"तू जा गो आता," त्या म्हणाल्या. "तुझी सुईची वेळ टळली. लोकां वाट बघत असतीत."